नातीनं लावलेला फोटो, झगा घातलेला गायक आणि आमचे आबा

लेथवाला
मंडळी राम राम. घरात तीन दिवस अबोला चाललाय म्हणून इथं लिहालोय. थोरली पोरगी एकोणीसची, बीकॉमला आहे. तिला तो हॅरी स्टाइल्स म्हणून इंग्रज गायक आवडतो. आवडू दे, आमच्या वेळी माझ्या भिंतीवर कोण कोण होतं ते मी सांगत बसत नाही. तर तिनं व्होग मासिकाचं त्याचं कव्हर कुठनं तरी जाड कागदावर छापून घेतलं आणि इथं कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ फ्रेमला टाकलं. पांढरा माउंट, काळी पट्टी, पुढं काच, साडेसहाशे रुपये. कव्हर ताजं पण नाही, डिसेंबर २०२० चं. फोटोत हा गडी निळसर झालरीझालरीचा पायघोळ झगा घालून, वरनं काळा कोट, आणि तोंडानं फुगा फुगवालाय.

आबांनी (माझे वडील, ७८, तरुणपणी गंगावेस तालमीत घुमलेले) चष्मा पुसून बघितलं आणि विचारलं, "कुणाची गं ही?" पोरगी म्हणाली, "आबा, ही न्हवं, हा." झालं. आबांनी ताट सारलं. पोरगी त्यांचीच नात, ती पण जेवली नाही.

त्यावेळी तिकडं अमेरिकेत पण ह्या फोटोवरनं लई आरडाओरडा झाला म्हणे. माझा प्रश्न असा, की ह्यात एवढं चिडण्यासारखं आहे काय? खरं सांगायचं तर मला पण तो फोटो बघवत नाही. पण का बघवत नाही ते सांगता येईना झालंय.

झणझणीत_कट
साडेसहाशे?? लुटलं की ओ तुम्हाला. साइज काय?

लेथवाला
बारा बाय अठरा. पण विषय तो नाही भावा.

झणझणीत_कट
बारा अठराला साडेसहाशे म्हणजे विषय तोच आहे.

मिसळ_आणि_मत
मी हे प्रकरण तेव्हा बसून वाचलेलो, लॉकडाऊनच होतं, दुसरं काम काय. व्होग १८९२ पासनं निघतंय आणि अमेरिकन व्होगनं तोवर एकटा पुरुष कव्हरवर कधी घेतलाच नव्हता. पुरुष यायचे, पण बाईच्या शेजारी. १९९२ ला नट रिचर्ड गेर आला तो मॉडेल सिंडी क्रॉफर्डबरोबर, २००८ ला बास्केटबॉलचा लेब्रॉन जेम्स आला तो मॉडेल जिझेलबरोबर, आणि त्या फोटोवरनं तर वेगळाच राडा झालता, काळ्या माणसाला राक्षसागत दाखवलाय म्हणून. म्हणजे एकशेअठ्ठावीस वर्षांनी पहिला सोलो गडी आला आणि तो पण झगा घालून. झगा-कोट गुची ह्या इटलीच्या महागड्या कंपनीचा. फोटो काढणारा टायलर मिचेल, ह्यानंच २०१८ ला गायिका बियॉन्सेचं कव्हर काढलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि अमेरिकन व्होगचं कव्हर काढणारा पहिला काळा फोटोग्राफर.

मग कॅन्डस ओवेन्स म्हणून तिकडची एक बोलघेवडी बाई आहे, तिनं ट्विट केलं की मर्द पुरुष परत आणा. पाक दोन तट पडले. खासदार ओकासियो-कोर्टेझ त्याच्या बाजूनं उतरली, नट-नट्या उतरल्या. हॅरीनं काय केलं तर काही दिवसांनी केळं खातानाचा एक फोटो टाकला आणि खाली तेच वाक्य लिहिलं. मी लई हसलो.

अनुस्वार_पुणे
दादा, छान माहिती. फक्त एक विचारतो, हे 'पहिल्यांदा' वगैरे व्होगपुरतं ठीक आहे पण झगा घालणारा हा पहिला गायक नव्हे. मिक जॅगरनं १९६९ साली लंडनच्या हाइड पार्कात झालरीचा पांढरा झगा घालून हजारोंसमोर गाणी म्हटली होती. डेव्हिड बोवी अल्बमच्या कव्हरवर झगा घालून लोळला होता. कर्ट कोबेन १९९३ ला द फेस मासिकाच्या कव्हरवर फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये होता. त्यामुळे हॅरी फार मोठी क्रांती करतोय असं मला वाटत नाही.

मिसळ_आणि_मत
बरोबर आहे तुमचं. पण दादा न्हवं ओ, मी बाई हाय.

अनुस्वार_पुणे
माफ करा ताई! तुम्ही 'वाचलेलो', 'हसलो' लिहिलंत म्हणून गैरसमज झाला.

मिसळ_आणि_मत
आमच्यात बायका असंच बोलतात. मी येतो, मी जातो, मी जेवलो. माझी आई, आज्जी, सगळ्या. पुण्यात होस्टेलला होतो तेव्हा रूममेटनं पहिल्या दिवशी विचारलेलं की तू असं मुलासारखं का बोलतेस. मला प्रश्नच कळला नव्हता.

रंकाळ्याचा_बगळा
हा हा हा. म्हणजे क्रियापदाला मिशा लावलेल्या चालतात, गड्यानं झगा घातलेला चालत नाही.

फॉल_पिको_मधू
मी शिवणकाम करते म्हणून मला त्यात झगाच दिसतो, माफ करा. झूम करून बघितला. एकाखाली एक झालरी आहेत. एका झालरीला मापाच्या दीडपट दुप्पट कापड लागतं, नाहीतर चुण्या बसतच नाहीत, आणि लेस असली तर आतनं अस्तर नीट पाहिजे, नाहीतर टोचतं. रेडीमेड कोट वर चढवलाय तो खांद्याला बरोबर बसलाय. कुणी घातलाय ते नंतर, शिवलाय कुणीतरी जीव लावून.

माझ्याकडं गेल्या वर्षी कॉलेज गॅदरिंगसाठी तीन पोरं आली, एकाला शिवलेली नऊवारी पाहिजे होती, स्किट होतं. माप घेताना तिघं खिदळत होते, ब्लाऊजला छाती बेचाळीस घेतली तर फोटो काढत होते. दोन दिवसांनी तोच पोरगा एकटा आला. हळूच म्हणाला, ताई, ह्याला खिसा लावता येईल काय. लावला. साडीला खिसा, मोबाईल बसेल एवढा. नंतर चार बायका तसाच खिसा मागून गेल्या.

माती_आणि_लंगोट
आबा गंगावेसचे म्हटल्यावर लिहायलाच पाहिजे. मी पण मातीत आठ वर्षं काढलीत (दुसरी तालीम, नाव सांगत नाही, उगाच वाद). बाहेरच्यांना वाटतं पैलवान म्हणजे रांगडा, त्याला नटण्याथटण्याचं काय. अहो आमच्याएवढा आरशात बघणारा माणूस नाही! पहाटे जोर-बैठका झाल्या की पहिलं काम आरसा, दंड किती फुगला, मांडी भरली काय. अंगाला तेल, एकमेकांची मालिश, कान मोडला तर तो पण मिरवायचा. अंगावर कपडा किती, तर एक लंगोट. खासबागेत पाच-दहा हजार माणसांपुढं तेवढ्यावर उतरतो आणि कुणाला काय वाटत नाही. शाहू महाराजांनी मैदान बांधलंय तेच मुळी बघता यावं म्हणून, कुठंही बसा, आखाडा दिसतो.

मुद्दा असा की माणूस दाखवायलाच उभा असतो, अंगावर काय आहे ह्याची सवय झाली की झालं. तरी पण मी आबांच्या बाजूनं. झगा तो झगाच.

रंकाळ्याचा_बगळा
भावा तू चार परिच्छेद त्याच्या बाजूनं लिहिलास आणि शेवटी पलटी मारलीस.

माती_आणि_लंगोट
दोनच परिच्छेद आहेत. आणि पलटी न्हवं, डाव आहे.

भामिनीचा_शेला
मी सकाळपासून वाट बघतेय की कोणीतरी बालगंधर्वांचं नाव काढेल. हे कोल्हापूर आहे ना? नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले त्यात शाहू महाराजांचा हात होता. पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या बायका कुणाकडं बघून साडी नेसायला शिकल्या? एका पुरुषाकडं. त्यांचा गजरा, त्यांचा अंबाडा, त्यांची नथ ही फॅशन होती. मासिकाचं कव्हर सोडा, फोटो घरोघरी होते. माझ्या पणजीच्या ट्रंकेत एक होता, तिच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो नव्हता पण हा होता.

आणि केशवराव भोसले तर इथलेच. लहानपणी 'शारदा' नाटकात शारदेचं काम करून नाव झालं, मग ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांच्या कंपन्यांचं मिळून 'संयुक्त मानापमान' नाटक झालं त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. दोन पुरुषांची प्रेमकहाणी बघायला अख्खी मुंबई लोटली आणि कुणाचं ताट सरकलं नाही.

तिकटीवरचा_पाटील
ताई, तुमचा मुद्दा दरवेळी येतो आणि दरवेळी अर्धाच असतो. ती भूमिका होती. बायकांना रंगमंच बंद होता म्हणून पुरुषांनी ते केलं. पडदा पडला की नारायणराव धोतर नेसून बाहेर यायचे. हॅरीचं तसं आहे काय? तो कुठल्या बाईचं काम करत नाहीये, तो हॅरी म्हणूनच झगा घालतोय. दोन्हींत फरक आहे. मी विरोधात आहे असं नाही, पण दाखला चुकीचा देऊ नका.

भामिनीचा_शेला
पाटील साहेब, फरक आहे, मान्य. पण आबांनी फोटो बघून जे विचारलं ते 'ही भूमिका आहे काय' असं विचारलं नाही ना.

रंकाळ्याचा_बगळा
केशवरावांचा विषय निघाला म्हणून, ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठवली तर अजून पोटात कालवतं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती आणि आदल्या रात्री त्यांच्या नावाचं नाट्यगृह पेटलेलं. आम्ही पोरं खासबागेच्या बाजूला उभी. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, काही बोलत नव्हते, नुसतं छत कोसळायचा आवाज आला की टोपी काढायचे आणि परत घालायचे.

झणझणीत_कट
मी पण होतो तिथं. त्या रात्री घरी जाऊन जेवण गेलं नाही.

सोंगाड्याची_लेक
पाटील दादांनी पडद्याचं बोलले म्हणून लिहिते. माझे वडील राधानगरी भागातले, सोंगी भजनात बाईचं सोंग घ्यायचे. गवळण, कधी सासुरवाशीण. आईचीच हिरवी नऊवारी, आईच्याच बांगड्या, त्या मनगटात जात नव्हत्या म्हणून साबण लावून चढवायचे. सोंग इतकं हुबेहूब की एका गावात म्हातारीनं खरी बाई समजून ओटी भरली होती, नारळ-खण आम्ही घरी आणलं आणि त्या खणाचं माझं परकर-पोलकं झालं. लोक पाचाची दहाची नोट लावायचे. आम्हाला केवढा अभिमान.

पण सकाळी ते सायकलवरनं डेअरीला दूध घालायला निघाले की तेच लोक, रात्री नोट लावणारे, शिट्टी मारायचे. "काय वैनी, कुठं निघालासा?" वडील हसून न्यायचे. एक दिवस माझ्या भावाला शाळेत कुणीतरी तेच म्हणलं. त्यानंतर वडिलांनी साडी आईच्या पेटीत ठेवली आणि मृदंग धरला. शेवटपर्यंत मृदंगच वाजवला.

भूमिका आणि खरं ह्यातला फरक बघणाऱ्याला पण कळत नव्हता, एवढंच सांगायचं होतं.

तिकटीवरचा_पाटील
ताई, हे वाचून माझा मुद्दा जरा लंगडा झाला. तसाच राहू दे.

फ्लेक्स_सम्राट
एवढं सिरियस नका होऊ मंडळी. हॅरीचं व्होग म्हणजे आपला चौकातला फ्लेक्स. मी डिजिटल प्रिंटिंगमध्येच आहे, कव्हर शूट काय असतं ते आम्हाला विचारा. वाढदिवसाच्या आदल्या रात्री अकराला गिऱ्हाईक येतं, फोटो मोबाईलवरनं, मागं घरातली तुळस दिसालीय. "मागं सिंह टाक. गोरा कर. पोट काढ. गॉगल घाल." मी एकाला गॉगल घातला तर म्हणाला, "मी डोळं उघडं ठेवलेलं, ते दिसू देत की." खाली बेचाळीस शुभेच्छुक, त्यातल्या एकाचा फोटो एक बोट डाव्या बाजूला सरकला म्हणून सकाळी दुकानात भांडण. आणि रंग? गुलाबी फेटा, जरीचा सदरा, गळ्यात सोनं, बोटांत आठ अंगठ्या, कपाळावर चंद्रकोर. त्या गरीब हॅरीनं तर एकच झगा घातलाय हो!

माती_आणि_लंगोट
आठ अंगठ्यावाला मी ओळखतो 😂

फ्लेक्स_सम्राट
नाव घेऊ नको, त्याची उधारी आहे.

अनुस्वार_पुणे
आपल्याकडं पण फोटोंवरनं कमी गदारोळ झालेले नाहीत. १९६६ ला शर्मिला टागोर फिल्मफेअरच्या कव्हरवर बिकिनीत आली तर गोष्ट संसदेपर्यंत गेली होती. आणि मिलिंद सोमण-मधु सप्रे, १९९५ ची बुटांची जाहिरात, अंगावर फक्त बूट आणि अजगर, खटला चौदा वर्षं चालला आणि निर्दोष सुटले. रणवीर सिंगवर २०२२ ला चेंबूरला गुन्हा दाखल झाला, तो पण मासिकाच्याच फोटोशूटवरून.

भामिनीचा_शेला
कोल्हापूर विसरलात. १९३८, ब्रह्मचारी. मास्टर विनायक, इथलीच हंस पिक्चर्स, आणि मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात. त्यावर जो काय गहजब झाला! आणि गहजब करणाऱ्यांनीच तिकीटं काढून पिक्चर दोनदा बघितला असं माझे आजोबा सांगायचे, ते स्वतः कितीदा गेले ते मात्र सांगायचे नाहीत.

रंकाळ्याचा_बगळा
ह्या सगळ्यात एक गंमत बघा. बाईनं कमी कपडे घातले की गुन्हा. रणवीरनं कपडे काढले तरी गुन्हा. हॅरीनं तर मानेपासनं पायापर्यंत घातलेत, मुंडासं तेवढं राहिलंय, तरी गुन्हा. किती मीटर पाहिजे ते एकदा ठरवा.

ओढ्यावरची_आंबील
उशिरा लिहितोय, वाचत होतो सगळं.

माझ्या गल्लीत एक जोगती आहेत, म्हणजे जन्मानं पुरुष पण यल्लमाच्या नावानं बाईच्या वेशात राहणारे. नाव नको. साडी, कपाळभर भंडारा, हातात परडी. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यात्रेला कोल्हापुरातनं एसट्या भरून जातात तेव्हा देवीचा जग (मूर्तीची टोपली) डोक्यावर घेऊन सगळ्यात पुढं हेच. परत आल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रा असते, वडी-भाकरी, वांगं, मेथीचा निवद, त्यादिवशी भलेभले वाकून पाया पडतात, माझी आई त्यांच्या हातनं भंडारा लावल्याशिवाय जेवत नाही. हे झालं एक दिवसाचं. उरलेल्या दिवसात तेच माणूस रिक्षात बसलं की रिक्षावाला आरसा फिरवून हसतो. भाड्यानं खोली मागायला गेले तर तीन ठिकाणी नाही म्हणाले, चौथ्यानं दिली ती जिन्याखालची.

तिकडं पण हेच झालं. बिली पोर्टर म्हणून काळा नट आहे, समलिंगी, त्यानं २०१९ च्या ऑस्करला काळा मखमली टक्सिडो-गाऊन घातलेला, आयुष्यभर त्यासाठी शिव्या खाल्लेल्या. हॅरीच्या कव्हरनंतर तो म्हणाला की ह्याला फक्त गोरा आणि स्ट्रेट, म्हणजे समलिंगी नसलेला, असणं पुरलं. पुढं त्यानं हॅरीची माफी मागितली, नाव घेतलं म्हणून. मूळ मुद्दा मात्र त्यानं सोडला नाही. आणि तो मला पटतो. झगा गोऱ्या पोरानं घातला की कव्हर, आमच्या गल्लीतल्यानं घातला की जिन्याखालची खोली.

लेथवाले दादा, तुमच्या पोरीवर राग नाही. फोटो लावू दे तिला.

मिसळ_आणि_मत
हे वाचून मी चहा गार केलो.

तिकटीवरचा_पाटील
सहमत. हॅरीला शिव्या दिल्या काय आणि टाळ्या दिल्या काय, त्याचा अल्बम खपतोच, गुचीचा कोट खपतो. धंदा आहे तो. चिडणारे पण त्या धंद्याचे बिनपगारी नोकर.

फॉल_पिको_मधू
ओढ्यावरची आंबील, त्यांना ब्लाऊज शिवायचा असला तर माझ्याकडं पाठवा. मापाला मी स्वतः असते, पोरी नसतात दुकानात दुपारी.

ओढ्यावरची_आंबील
सांगतो ताई.

झणझणीत_कट
लेथवाले कुठं गेले? धागा काढून गायब.

लेथवाला
आहे आहे. दोन दिवस उद्यमनगरात कामाचा लोड होता. सगळं वाचलं, सोंगी भजनाचं बायकोला वाचून दाखवलं.

पण एक सांगायचं राहिलंय. काल रात्री आबांजवळ बसलो आणि सरळ विचारलं, आबा तुम्हाला त्या झग्याचा एवढा राग का? तर म्हणाले, "झगा गेला खड्ड्यात. माझा फोटो कुठाय?"

आता हे मला पण माहीत नव्हतं. बाहेरच्या खोलीत आबांचा १९६८ चा फोटो आहे, खासबागेत कुस्ती मारल्यावर काढलेला, फेटा, खांद्यावर गदा, गळ्यात हार. पोरीला फ्रेम लावायला दुसरा खिळा मिळाला नाही. तिनं आबांचा फोटो काढला, "तात्पुरता" म्हणून फ्रिजवर उताणा ठेवला आणि त्याच खिळ्याला हॅरी टांगला. इतके दिवस फोटो फ्रिजवर, वर परत कुणीतरी लसणाची पाटी ठेवलेली.

रंकाळ्याचा_बगळा
ओ!!! हे आधी सांगायचं की राव! आम्ही इथं १८९२ पासनं चर्चा करालोय!

मिसळ_आणि_मत
लसणाची पाटी 😭 आबांचं बरोबर आहे. मी माझं मत बदललो.

माती_आणि_लंगोट
गदेच्या फोटोवर लसूण. मी पहिल्यापासनं आबांच्या बाजूनं होतो, नोंद घ्या.

भामिनीचा_शेला
लेथवाले, तुमचं लेथचं वर्कशॉप आणि घरात एक जास्तीचा खिळा नाही?

लेथवाला
नका विचारू. बायको पण तेच म्हणाली. आज सकाळी ड्रिल घेऊन आलो, भोक पाडलं, आबांचा फोटो जुन्या खिळ्याला परत आणि हॅरी त्याच्या शेजारी, आबा म्हणाले चार बोटं खाली घे. घेतला. पोरीनं लसणाचे डाग स्पिरिटनं पुसले आणि आबांना सॉरी म्हणाली, ते "असू दे" म्हणाले. जेवले दोघं.

मला अजून बघवत नाही तो फोटो. सवय होईल बहुतेक. आबा मात्र जेवण झाल्यावर त्याच्यासमोर उभे राहिले बराच वेळ, मागं हात बांधून. मग म्हणाले, "मान बरी आहे पोराची. खांदा पडलाय."

माती_आणि_लंगोट
खांदा पडलाय हे मला पण वाटलेलं. झग्यामुळं लक्ष गेलं नाही.

झणझणीत_कट
ड्रिलचा बिट कितीला बसला?